सातव्याचं बी

३ मार्च
पोचला! मूळपेशींपासून वाढवलेला मज्जातंतू नळीच्या दुसऱ्या टोकाला पोचला. केसाएवढी नळी — अठरा दिवस तिच्यातलं पोषणाचं गुलाबी पाणी मी बदललं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. प्रयोगशाळेच्या मॅडम सूक्ष्मदर्शकातून बघता बघता म्हणाल्या, "नाचू नकोस, टेबल हलतंय."
घरी येऊन दादाला सांगितलं. डोक्याला मार लागला त्याला वर्ष झालं, उजवा हात तसाच लुळा. म्हणाला, "मला कधी बसवणार?" म्हटलं, आधी उंदरांना. "म्हणजे रांगेत माझ्यापुढे उंदीर!" त्याला भरवता भरवता आई हसली. किती दिवसांनी.

१० मार्च
मेंदूला इजा झालेले दहा उंदीर. पाच जणांच्या डोक्यात तंतूची नळी बसवली, पाच जणांच्या रिकामी. कुणाला कुठली, ते मॅडमच्या कपाटात, पाकिटात बंद. कोण किती सुधारलं ते मोजणाऱ्याला हे कळलं की सगळं मुसळ केरात — आणि मोजणारी मी.

२४ मार्च
सातवा माझा लाडका. उजवा पंजा लुळा, दादासारखाच. चाचणी आठवड्यातून एकदाच असते, पण ह्याला मी रोज सूर्यफुलाचं एक बी देते, उजवीकडून. डावा पंजा पुढे केला की बी मागे. चिडतो बेटा! मॅडमना बोलले नाही. एका बीनं काय होतंय?

१९ एप्रिल
घेतलं! उजव्या पंजानं बी उचललं आणि तोंडात घातलं. मला रडूच फुटलं. बाकीचे काही जण पंजा नुसता हलवतात, हा पठ्ठ्या सगळ्यांच्या पुढे. ह्याच्या डोक्यात आपला तंतू आहे, पैज लावते. दादा बरा होणार, आता मला खात्रीच आहे.

२ मे
पाकीट उघडलं. तंतूवाले पाचही जण थोडे थोडे सुधारलेत. सातव्याची नळी रिकामी होती.
रोजच्या बीचं मॅडमना सांगून टाकलं. त्यांनी वहीत सातव्याच्या ओळीवर रेघ मारली. "सातव्याचे आकडे बाद. पुन्हा असं केलंस तर इथलं दार बंद." दारापर्यंत जाऊन वळल्या — "पुढच्या खेपेला तंतूवाल्यांनाही रोज बी द्यायचं. मला सांगून."

२० मे
अठरा दिवस दादाचा चमचा उजवीकडे ठेवतेय. डावा हात आला की चमचा मागे. "छळ मांडलायस त्याचा," म्हणून आईनं अबोला धरलाय. आज बोटं चमच्यावर मिटली. आईनं वाटी सरकवली — उजवीकडे.