माझ्या दारी योसेफ नको

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

तो परत आला! नाताळाआधीच्या आगमन काळाचा पहिला रविवार. चर्चमध्ये फादरनी पहिली जांभळी मेणबत्ती पेटवली, मी सहज मागे पाहिलं तर शेवटच्या बाकावर निकेश. पांढरा शर्ट, हात जोडलेले. तीन वर्षांपूर्वी याच माणसाच्या धानाच्या ट्रकनं तुमसर रोडवर माझ्या नवऱ्याला, गुड्डीच्या बाबांना चिरडलं. मोटारसायकलवर मागे बसलेली गुड्डी वाचली — तेव्हा सतरा वर्षांची पोर, पाय मोडला. पोलिसांसमोर हा स्वतःच म्हणाला, चूक माझी. सहा महिने आत काढले, मग लाखांदूरला बहिणीकडे तोंड लपवून बसला. तिथंच मरायचं होतं!

मिस्साच्या प्रार्थनेत 'एकमेकांना शांती द्या' म्हणतात तेव्हा तो माझ्याकडे वळला. मी पाठ फिरवली.

३ डिसेंबर

उपास. पोट रिकामं, डोकं निकेशनं भरलेलं.

७ डिसेंबर, रविवार

दुसरी मेणबत्ती. मिस्सा झाल्यावर निर्मलाबाईनं नोव्हेनाची यादी वाचली. सोळा तारखेपासून नऊ संध्याकाळी मरिया-योसेफच्या मूर्ती घरोघरी न्यायच्या. बेथलेहेमात त्यांना कोणी जागा दिली नाही, म्हणून आपण द्यायची. आमचं घर वीस तारखेला. मरियामाता निर्मलाबाई धरणार. आणि योसेफ — निकेश!

मी सगळ्यांदेखत विचारलं, "दुसरे हात नाहीत का आपल्यात?"

"फादरनंच सांगतलं," निर्मलाबाई म्हणाली. "तू काहून एवढी तापून राहिली, ज्योत्सना? सणाचे दिवस आहेत."

हिचा नवरा घरी टीव्ही पाहत बसलाय. हिला सण सुचणारच.

१२ डिसेंबर

पापनिवेदनाला गेली. खरं तेच सांगितलं — निकेश मेला तर मला बरं वाटेल. जाळीपलीकडून फादर आपल्या केरळी मराठीत म्हणाले, "मनात तो माणूस भरला आहे. बाळ येशूला कुठे ठेवणार?"

मी म्हटलं, "बाळाला गोठा आहे."

फादरनी निकेशसाठी एक जपमाळ म्हणायला सांगितली. म्हटली नाही.

१८ डिसेंबर

गुड्डी आली नागपूरहून. नर्सिंगच्या कॉलेजला सुट्टी लागली. दोघी अनारसे तळत होतो, तेव्हा तिला निकेशचं सांगितलं. तिचा हात थांबला. तेलातला अनारसा काळा होईपर्यंत तशीच उभी.

"तो काही बोलला का तुले?" एवढंच विचारलं.

काय बोलणार? खुनी माणूस!

२० डिसेंबर, शनिवार

मी केलं ते केलं. लिहून ठेवते.

सहाला सगळे गाणं म्हणत आले. पंधरा-वीस जण. रीतीप्रमाणे बाहेरून विचारलं, "आजच्या रात्री जागा आहे का?" आतल्यांनी 'या' म्हणून दार उघडायचं असतं. मी खिडकीतून म्हटलं, "मरियामातेला आहे. योसेफला नाही."

गाणं बंद.

"आई, दार उघड," मागून गुड्डी. कडी मी घट्ट धरून होती.

"खुन्या! त्या मूर्तीला हात लावायची तुझी लायकी नाही! आमच्या माणसाचं रक्त आहे त्या हातांना!"

निकेशनं मूर्ती ओट्यावर ठेवली. अलगद ठेवली, हेही लिहिते. "बराबर आहे, वहिनी. मी जातो," म्हणाला, आणि गेला.

मग मी दार उघडलं. पण आत कोणी आलंच नाही! निर्मलाबाईनं दोन्ही मूर्ती आपल्या घरी नेल्या. सतरंजी अंथरलेली, हार ताटात, आणि मी एकटी.

मला वाईट वाटत नाही.

२१ डिसेंबर, रविवार

चौथी मेणबत्ती. शेवटचा बाक रिकामा.

"गेला लाखांदूरले, सकाळच्या एसटीनं," निर्मलाबाई फाटकाशी म्हणाली. "झालं समाधान?"

झालं! काय म्हणणं आहे?

गुड्डी परमप्रसाद घ्यायला उठली नाही. कालपासून जेवणही नाही. काय झालं विचारलं की मोरीत जाते आणि नळ सोडते. मला वाटतं, तिला माझी लाज वाटते. बापाच्या बाजूनं कोणीतरी उभं राहायला नको का?

२३ डिसेंबर

गुड्डी पापनिवेदनाला गेली. तासभर झाला, आली नाही.

२४ डिसेंबर

गुड्डी सांगते — "गाडी बाबा नाही, मी चालवत होती. मोबाईल पाहत होती. मीच त्याच्या ट्रकसमोर गेली. मरता मरता बाबा त्याले म्हणाले, पोरीचं नाव नको घेऊ. मग त्यानं घेतलंच नाही."

आधी तिला मारलं. मग धरून बसली.

"मी एकटी जाते लाखांदूरले," म्हणत होती. मी म्हटलं, चप्पल घाल. पहिलं मी बोलीन त्याच्याशी.