कलम सहा सगळ्यांसमोर वाचावे

मी, सोजरबाई नानाजी पडघान, वय अंदाजे चौसष्ट, राहणार अनसिंग, तालुका वाशीम, जिल्हा अकोला, आज माझ्या हातानं हे मृत्युपत्र लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक दिला नाही, कोणी गोड बोलून बसवलं नाही. माझी शाळा दुसरीपर्यंत झाली, म्हणून अक्षर वाकडं आहे. पण वाकडं आहे म्हणून खोटं धरू नये.

कलम एक. दोन खोल्यांचं टिनाचं घर, मागची न्हाणी आणि बोरीचं झाड धरून, माझी एकुलती मुलगी रंगूबाई इंद्रभान सरकटे, राहणार किन्हीराजा, हिला मिळावं. मात्र हाती देण्याआधी कलम सहा वाचावं. त्याच्या आधी किल्ली देऊ नये. ही माझी अट आहे.

कलम दोन. पोस्टातलं पुस्तक माझी नात केशर हिच्या शिक्षणाला. केशर बारा वर्षांची आहे. तिच्याबद्दल लिहायला बसली तर कागद पुरणार नाही, तरी थोडं लिहिते, कारण त्यानं मला फार बरं वाटतं. दर रविवारी पोरगी दोन गाड्या बदलून येते. दारातूनच ओरडते, "जेलरआजी, हाजरी घे!" मी म्हणते, "एक कैदी, दोन वेण्या, रिबन एकच. दुसरी कुठं पाडली गं?" मग ती चपला काढून हात वर करून उभी राहते, झडती द्यायला. मी नाही घेत. मी म्हणते, बस, भाकर खा. लई बोलते. आजोळी कोणावर गेली म्हणाल तर माझ्यावरच. बेरजा तोंडी करते, सातवीचं पुस्तक सहावीत वाचते. एवढा आनंद मला या वयात होईल असं वाटलं नव्हतं.

तिची आई तिच्यासोबत येते, पण एसटीच्या थांब्यावर लिंबाखाली बसून राहते. बारा वर्षांत माझ्या दारात पाय ठेवला नाही. लेकराला मात्र म्हणते, "तुयी आजी हाय, तू जा. मी नाही येत." मी केशरच्या हाती तिच्यासाठी पिठलं-भाकर पाठवते. गाठोडं परत येतं, न सोडता.

कलम तीन. शेळी शेजारच्या लिलाबाईला. ती तिला माझ्यापेक्षा चांगली ओळखते.

कलम चार. माझी नणंद भागिरथा हिनं माझ्या लग्नातली पितळी घागर नेली आणि हरवली म्हणून सांगितलं. घागर तिच्या माळ्यावर आहे, मी पाहिली आहे. आता ती तिलाच राहू द्या. फक्त मला माहीत होतं एवढं तिला सांगा.

कलम पाच. कंबरेचा पट्टा आणि बिल्ला. हा कोणालाही देऊ नये, मोडीत घालावा. पट्टा कसला ते सांगते. माझे मालक नानाजी जेलात शिपाई होते. ते वारले तेव्हा साहेबांनी मला झडतीबाई म्हणून लावून घेतलं. कोणता जेल ते लिहीत नाही. अठरा वर्षं नोकरी केली. काम असं की बायकांच्या कोठडीत सकाळ-संध्याकाळ मोजणी, मग घोंगड्या झटकायच्या, मग काठीनं खिडकीचा एकेक गज ठोकायचा. साबूत गज टणटण बोलतो, कापलेला बदबद बोलतो. कुलूप लावलं की तीन वेळा ओढून पाहायचं. घरून डबा आला तर भाकर मधून तोडायची, भाजीत काडी फिरवायची. भेटीला बाई आली तर अंबाडा, पिशवी, पदराची गाठ. हे सगळं मला अजून झोपेतही येतं. केशर हसते, "आजी, तू आपल्या घराची खिडकी कायले ठोकतं?"

कलम सहा. हे सावकाश वाचावं.

साल पासष्ट, जानेवारी. भूमिहीनांचा सत्याग्रह चालू होता. आपले लोक जमीन मागायला निघाले आणि जेल भरले. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली तेव्हा ज्यांच्या सोबत एका गाडीत बसून गेलो, तीच माणसं आता माझ्या कुलपाच्या आत होती. त्यांत माझा जावई इंद्रभान. पुरुषांच्या कोठडीवरून जाता-येता मी त्याला बाहेरून पाहायची. तो म्हणायचा, "मामी, तुमी आपलं काम करा. आमी आपलं करतो." असा हसतमुख माणूस.

एका दुपारी रंगू त्याला भेटायला आली. सात महिन्यांची पोटुशी होती. फाटकावर शिपाई उदयसिंग उभा होता. त्याच्या आधीच्या वर्षी एक बाई पोटाला तंबाखूचं गाठोडं बांधून गरोदर बनून आली होती. मी दया करून तिला सोडलं, ती आत पकडली गेली आणि साहेब मला सगळ्यांसमोर बोलले होते. उदयसिंगनं तेच काढलं. म्हणाला, "बाई, आज तरी नीट पाहा. का घरचं पोट म्हणून सोडता?" बाकीचे शिपाई हसले.

मी रंगूला झडतीच्या खोलीत नेलं. खोलीला दार नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता, आणि मी तो पुरता ओढला नाही. बाहेरच्यांना दिसावं की मी सोडत नाही म्हणून. तिचं लुगडं सोडायला लावलं. ती म्हणाली, "आई, काय करून राह्यली तू?" मी तिच्या पोटावर दोन्ही हात ठेवून दाबून पाहिलं, जसं गाठोडं दाबतात. आतून पोरीनं लाथ मारली, माझ्या तळहातावर. ती केशर. माझी आणि तिची पहिली भेट ती.

रंगू म्हणाली, "पटलं आता?"

लुगडं नेसेपर्यंत भेटीची वेळ सरली. साहेबांनी उद्या या म्हणून सांगितलं. त्याच संध्याकाळी जागा नाही म्हणून वीस माणसं ट्रकात बसवून दुसऱ्या जेलात हलवली. त्यांत इंद्रभान होता. तिथं त्याला ताप भरला. एकोणिसाव्या दिवशी त्याचं प्रेत किन्हीराजाला आलं. रंगूनं नवऱ्याला जिवंत पाहिलं नाही ते नाहीच. त्या दुपारी तो फाटकापासून वीस पावलांवर होता.

जलदानाच्या दिवशी, म्हणजे त्याच्या मयतीच्या विधीला, सारं गाव बसलं होतं. रंगूनं सगळ्यांसमोर मला विचारलं, "तू काहून असं केलं?" मी म्हटलं, "कायदा होता, पोरी. मी काय करू?" लोकांनी माना डोलावल्या. चाकरीची बाई, बिचारी, म्हणाले. बारा वर्षं मी तेच सांगत आली. केशरनं विचारलं तेव्हा तिलाही तेच सांगितलं. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले.

आता खरं लिहिते. कायदा नव्हता. झडतीच्या खोलीत भिंतीवर पाटी होती. तीत लिहिलं होतं, गरोदर बाईचा अंबाडा आणि पिशवी पाहावी, अंगाला हात लावू नये. मला वाचता येत नव्हतं असं कोणी म्हणू नये. मी दुसरीनंतर सगळं विसरली होती, आणि ती पाटी रोज पाहून पाहूनच पुन्हा वाचायला शिकली. मला ती तोंडपाठ होती. त्या दिवशीही ती समोरच होती. मी उदयसिंगच्या बोलण्याला भ्याली, नोकरीला भ्याली आणि पोटच्या पोरीवर दुसऱ्या कोणत्याही बाईपेक्षा जास्त कडक झाली. मग तिच्या नवऱ्याच्या जलदानाला बसून खोटं बोलली.

हे मी जिवंतपणी सांगू शकली असती. एसटीचा थांबा इथून दीडशे पावलं आहे. दर रविवारी मी उंबऱ्यापर्यंत जाते. पण सांगितलं तर पुढच्या रविवारी केशर येणार नाही, ही भीती. आणि तो एक रविवार माझ्याच्यानं सोडवत नाही. हा माझा लोभ आहे, तोही लिहून ठेवते.

म्हणून हे कलम किन्हीराजाच्या विहारात, जलदानाला जे बसले होते त्यांच्यातले जे उरलेत त्यांच्यासमोर, मास्तर माणिकरावांनी मोठ्यानं वाचावं. मी खोटं जेवढ्या लोकांत बोलली तेवढ्या लोकांत. मग रंगूला विचारावं, घर घेते का. नाही म्हणाली तर आग्रह करू नये, घर विहाराला द्यावं. मला माती द्यायला ती आली नाही तरी कोणी तिला शब्द बोलू नये.

वाचताना लहान पोरगी आहे म्हणून केशरला बाहेर पाठवतील. पाठवू नये. तिला समोर बसवावं. ती हुशार आहे, तिला सगळं समजेल. त्यानंतर तिनं मला आजी म्हणावं की नाही, हे तिनं ठरवावं.

सोजरबाई नानाजी पडघान (सही)

साक्षीदार:
१. माणिकराव इंगोले, निवृत्त शिक्षक, अनसिंग. बाईंनी माझ्यासमोर सही केली. वाचण्याची जबाबदारी मी घेतली आहे.
२. उदयसिंग, निवृत्त शिपाई. बाईंनी बोलावलं म्हणून आलो. मला यातलं काही मिळणार नाही. कलम सहा माझ्यासमोर घडलं, ते खरं आहे. पाटी मलाही वाचता येत होती.

ठिकाण: अनसिंग
तारीख: २० नोव्हेंबर १९७७, रविवार. केशर थांब्यावर परत गेल्यानंतर.