तीस वर्षं दुकानात पडून

सोमवार, १० जून

एका रात्रीसाठी थांबलोय. एकाच! लिहून ठेवते म्हणजे मलाच आठवण राहील.

होब्रो. ट्रूल्सचं गाव. सकाळी कोपनहेगन सोडलं, दुपारी इथे. मधले दिवस समुद्रकाठी वाळूत लोळायचं, शनिवारी हिर्ट्सहाल्सहून नॉर्वेची बोट, आणि पुढच्या सोमवारी बर्गनमध्ये माझी नवी नोकरी सुरू. गाडी गच्च भरलीय. गुड्रुन – ट्रूल्सची आई – काचेतून आत बघून म्हणाली, "आठ दिवसांच्या सुट्टीला एवढ्या रजया?" ट्रूल्स म्हणाला, "तंबूत गारठतं गं आई." आमच्याकडे तंबूच नाही.

आमचं लग्न झालंय. सतरा दिवस झाले! नगरभवनात दहा मिनिटं, मग बाहेर उभ्याने सॉसेज. इथे कुणाला पत्ता नाही. कायमचं नॉर्वेला चाललोय याचाही नाही. "फोनवर नको, समोर बसून सांगतो," असं हाच म्हणाला होता. मी तोंड उघडायचं नाही, असं वचनही घेतलंन. आज समोर बसला, बटाटे खाल्ले, आणि बार्ली यंदा कशी आहे त्यावर अर्धा तास बोलला.

त्याची अंगठी शर्टाच्या आत, गळ्यातल्या काळ्या दोरीत. माझी पाकिटात.

मंगळवार, ११ जून

अजून इथेच. गुड्रुन म्हणाली, "गुरुवारी तिशी पुरी होतेय पोराची. वाढदिवस करूनच जा." ट्रूल्स लगेच हो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

चारदा कॉफी झाली. पाय शिवशिवायला लागले म्हणून गावात हिंडून आले. पाइप, बियाणं, कानाची यंत्रं, टायर. बिनकामाची वस्तू एका दुकानात दिसेल तर शपथ! एकीकडे पोस्टकार्ड मागितलं, तर बाई म्हणाली, "कुणाला पाठवायचंय?" आधी कारण सांगा, मग कार्ड!

त्याच्या वडिलांचं, एवाल्डचं, हत्यारांचं दुकान चर्चच्या खालच्या रस्त्याला. खिळे अजून वजनावर देतो. मला बघून म्हणाला, "काय गं, राजधानीत हातोडी कुठल्या बाजूने धरतात?" मी म्हटलं, "दुसऱ्याच्या हातात देतो आम्ही." हसला. मग गिऱ्हाइकाला म्हणाला, "मी तिसाव्या वर्षी गल्ल्यावर बसलो. आता हा बसेल." ट्रूल्स शेजारीच उभा होता, स्क्रू निवडत.

मी त्याच्यावर प्रेम करते. आज त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

बुधवार, १२ जून

एवाल्डने मला मागच्या अंगणात बोलावलं. "त्याला सांगू नकोस हं." ताडपत्री ओढली. तेलाची तीन पिंपं, एकावर एक वेल्डिंग केलेली, वर झाकण, झाकणाला भोकं – मिरपुडीची डबी! शेडपेक्षा उंच. तिशी गाठली आणि लग्न नाही, की इथे मिरपूड चुकत नाही. खांबाला बांधतात, अंगावर मिरपूड उधळतात, गावभर हसतात. पण एवाल्डने ती डबी स्वतः केलीय. तीन आठवडे, दुकान बंद झाल्यावर रोज. म्हणजे आम्ही नगरभवनात सह्या करत होतो तेव्हा हा माणूस इथे ठिणग्या उडवत बसला होता!

"छान झालीय," म्हटलं.

"वाईट नाही," तो म्हणाला. इथे यापलीकडे कौतुक जात नाही. "अक्षर तुझं बरं आहे म्हणे. रंगव."

आणि मी रंगवलं. त्याच्या लग्नाच्या बायकोने! लाल रंगात, हातभर अक्षरांत:

ट्रूल्स. तीस वर्षं दुकानात पडून. फुकट न्या.

मजकूर एवाल्डचा. तो एवढा खूश होता की मला नाही म्हणवेना.

बुधवार, नंतर

ट्रूल्सला पिंपांचं सांगितलं. "उद्या सकाळी मंडळी जमायच्या आधी उठ आणि सांग. बाबांची फजिती होऊ देऊ नकोस." "हो हो, सांगतो." मग म्हणाला, "त्यांनी तीन आठवडे घालवलेत गं. आता कसं सांगू?" हे कारण म्हणून सांगितलंन मला!

गुरुवार, १३ जून

सात वाजता वाढदिवसाचा झेंडा चढला, पाव आणि चीज झालं, आणि आठाला वीसेक माणसं दारात. पुढे क्रेस्टेन, शाळेपासूनचा मित्र. जनावरांच्या खाद्याचा ट्रक चालवतो. "पोहायचा चष्मा घाला रे त्याला! डोळे गेले तर दुकान कोण बघणार?"

दोर एवाल्डने स्वतः बांधला. आधी नळीचं पाणी, मिरपूड चिकटावी म्हणून. शर्ट अंगाला चिकटला आणि अंगठी वर आली. मला दिसली. एवाल्डलाही. त्याचे हात थांबले. मग त्याने ती अंगठी दोन बोटांनी परत आत सरकवली, गळ्याचं बटण लावलं, आणि गाठ आवळली.

"घट्ट झाली का?"

"वाईट नाही, बाबा."

क्रेस्टेन ओरडला, "बोल, लग्न का नाही केलंस? कारण सांग, सुट्टी देतो!" मी त्याच्याकडे बघत होते. आता तरी! ट्रूल्स खोकत खोकत हसला. "कुणी विचारलंच नाही रे!"

काय हशा पिकला. क्रेस्टेनने मिरपुडीचा डबा माझ्या हातात कोंबला – "घे, खरी आरोपी तूच!" मी मिरपूड मारली. अख्खा डबा, जोरात. गंमत म्हणून नाही.



शुक्रवार, १४ जून

केसांना अजून मिरपुडीचा वास येतोय त्याच्या.

एवाल्डने गाडीच्या चाव्या मागितल्या. "टायर बघतो." आत काय काय आहे ते झरझर आठवलं – रजया, हिवाळी कोट, भांडी, कागदांची पेटी, करारपत्र, लग्नाचा दाखला. तरी दिल्या. वचन बोलायचं नाही असं होतं, चाव्या द्यायच्या नाहीत असं नव्हतं. दोन तासांनी परत आला. "उन्हाळी टायर आहेत," एवढंच म्हणाला.

ट्रूल्सला सांगितलं, उद्या मी निघणार. तू सांगितलंस तरी, नाही सांगितलंस तरी. "आज जेवताना नक्की," म्हणाला. जेवताना बिटाच्या लोणच्याची तारीफ केली.

शनिवार, १५ जून

हिर्ट्सहाल्स. बोटीच्या रांगेत.

सकाळी बाहेर आले तर गाडीच्या टपावर चार टायर. बर्फातले, पकडीसाठी खिळे मारलेले. एवाल्ड दोर ओढून बघत होता. गुड्रुन पायरीवर, ट्रूल्स तिच्या मागे कप घेऊन.

"नोव्हेंबरातच चढव," एवाल्ड म्हणाला. मला. "तिकडे डोंगरात बर्फ लवकर पडतो, सूनबाई."

गुड्रुनने तोंडावर हात घेतला. आम्ही तिघं ट्रूल्सकडे बघत राहिलो. आता सांगायलाही नको होतं, नुसती मान हलवायची होती!

तो हसला. "बर्फ कसला, बाबा? आठवड्याने परत येतोय आम्ही."

एवाल्डने त्याच्याकडे पाहिलंच नाही. स्टिअरिंगच्या बाजूचं दार माझ्यासाठी उघडून धरलं. मी बसले, आणि निघाले.

आत्ता तिकीट बघणारा विचारून गेला, "दोघांचं दिसतंय. दुसरा कुठाय?"

"येत नाही," म्हटलं.