भातावरचं रक्त

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या काही महिन्यांत मात्र रोज सकाळी दात घासताना मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलते आहे. म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

मी आठवीत होते. घरी माझ्या हिरड्यांतून रक्त यायचं ते कुणाला कळायचं नाही, कारण नागलीच्या काळपट भाकरीवर ते दिसत नाही. आश्रमशाळेत भात असायचा. तिथलं वसतिगृह तुम्हीच सांभाळायचात. एकदा वाढत वाढत माझ्या ताटापाशी आलात, भातावरचं रक्त पाहून थांबलात आणि म्हणालात, "तोंड उघड." मग माझ्या पेटीतली तंबाखूच्या मिश्रीची डबी निघाली. सगळ्या मुलींसमोर तुम्ही मला बोललात, तेव्हा मी आईचेच शब्द तुमच्या तोंडावर फेकले, "आमच्यात समद्याच बायांचे दात पडतात, त्यात काय?"

तुम्ही मला स्वयंपाकघरात नेऊन दार लोटलंत. पाठ फिरवून कवळी काढलीत आणि वळलात. तुम्ही तेव्हा जेमतेम चाळिशीच्या असाल, पण माझ्यासमोर एक म्हातारी उभी होती. "माझा एकही दात किडला नव्हता," बोबड्या आवाजात तुम्ही म्हणालात. "हिरड्या गेल्या, म्हणून सगळे गेले. मिश्रीनं ठणका मरतो गं, रोग नाही मरत."

पुढच्याच आठवड्यात एसटीनं आपण जव्हारला गेलो. डॉक्टरांनी दातांवरचा दगडासारखा थर खरवडला आणि मी तुमचं मनगट घट्ट धरून बसले. परतताना तुम्ही मला एक ब्रश दिलात. माझा स्वतःचा असा तो पहिलाच. कसा फिरवायचा ते गाडीतच बोटानं करून दाखवलंत. मिश्री त्या वर्षी सुटली ती सुटलीच.

आता मी खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्यात अंगणवाडी सांभाळते. मागच्या वर्षी मला शुगर निघाली. गोळ्या घेतल्या, भात कमी केला, तरी ती उतरेना. "गोळ्या चुकवता का?" डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारायचे. हिरड्या सुजून पू येत होता, एक दाढ हलत होती, पण हे सांगायची मला लाज वाटत होती. मग त्या स्वयंपाकघरातल्या तुम्ही आठवलात आणि मी तोंड उघडलं. डॉक्टर म्हणाले, शुगरनं हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या शुगरला खाली येऊ देत नाहीत. दातांच्या डॉक्टरांनी भूल देऊन, एकेक बाजू घेत, हिरड्यांच्या आत मुळांपर्यंत सफाई केली. दाढ काढावी लागली. बाकीचे दात राहिले. हळूहळू शुगरही उतरली. गोळ्यांचा आणि चालण्याचाही त्यात वाटा आहे, पण आता भाकरी चावताना जीव घाबरत नाही. दर काही महिन्यांनी दाखवायला जाते.

अंगणवाडीत येणाऱ्या पोटुश्या बायांना मी विचारते, "दात घासताना रक्त येतं का?" त्या पदरानं तोंड झाकतात. मी रागवत नाही. थांबते.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून एक लिहिते. त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर आल्यावर मुलींनी विचारलं, बाई काय म्हणाल्या? मी गालफडं आत ओढून तुमची नक्कल केली. सगळ्या हसल्या. माझ्या मागे स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं आणि तुम्ही आत दोन पावलांवर होतात. तुम्ही ऐकलं नसेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले. तुम्ही ऐकलं होतं, बाई. आणि तरीही मला जव्हारला नेलंत.