मुख्य दरवाज्यातून, पंधरा मिनिटे थांबून

मी, अभय पोपट खिल्लारे, वय सत्तावन्न पूर्ण, वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसाय नोकरी, धर्माने बौद्ध, राहणार सदनिका क्रमांक ब-३०३, प्रज्ञा सहकारी गृहनिर्माण संस्था, सानपाडा, नवी मुंबई, हा दस्त स्वतःच्या हाताने, चष्मा लावून, सकाळच्या चहानंतर आणि कोणाच्याही सांगण्यावाचून लिहीत आहे. माझी प्रकृती चांगली आहे. मरणाची घाई नाही. परंतु कामे मुदतीआधी पुरी करण्याची सवय सुटत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. वर उल्लेखिलेली सदनिका माझ्या पश्चात माझी पत्नी संघमित्रा हिच्या पूर्ण मालकीची होईल व तिच्यानंतर आमची कन्या मनस्वी हिची. त्यांना ती विकावीशी वाटल्यास माझी हरकत नाही. विकताना कोणी ‘ही मागची विंग, जुन्या लोकांची’ असे म्हटल्यास त्याला चहा पाजून परत पाठवावे.

कलम २. बँकेतील ठेवी व भविष्य निर्वाह निधी पत्नीस. नामनिर्देशन तसेच केलेले आहे.

कलम ३. माझे वडील पोपट खिल्लारे हिंगोलीकडून या भागात गवंडीकामाला आले, तेव्हा येथे चिखल आणि आखणीचे खुंट होते. आई दुर्गाबाई त्यांच्या हाताखाली घमेली उचलत असे. प्रज्ञा संस्थेच्या जुन्या चार मजली इमारतीच्या जिन्याच्या भिंती वडिलांनी रचल्या आणि पुढे त्याच इमारतीत आम्हांस दोन खोल्या मिळाल्या. सन १९९१ मध्ये सीवूड्सच्या एका बांधकामावर ते परांचीवरून पडले. त्यांना घरी आणले तेव्हा अठ्ठेचाळीसही घरांतून माणसे खाली उतरली. मुख्य दरवाज्यात तिरडी पंधरा मिनिटे ठेवली, प्रत्येक घरातील एकाने तिरडीला हात लावला आणि मग ते गेले.

दहा दिवसांनी संस्थेची सभा झाली. मी नुकताच पदवीधर झालेला असल्याने इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. ठराव क्रमांक सात असा: ‘सभासद अथवा त्याच्या कुटुंबातील व्यक्ती मृत झाल्यास तीस मुख्य दरवाज्यातूनच न्यावे व दरवाज्यात पंधरा मिनिटे थांबावे. प्रत्येक घरातून एकाने उपस्थित राहावे.’ भांडणे असलेली घरेही यायची. पंधरा मिनिटांपुरते भांडण थांबायचे, सोळाव्या मिनिटाला पुन्हा सुरू.

मूळ इतिवृत्त संस्थेचे आहे, माझे नाही. ते मला कोणास देता येत नाही. माझ्याजवळची साक्षांकित प्रत मनस्वीस. तिने ती जपून ठेवावी. का, ते पुढील कलमात आहे.

कलम ४. सन २०२२ मध्ये आम्ही पुनर्विकासातून नव्या इमारतीत आलो. पुढच्या रस्त्याला अ विंग, तीत ब्याण्णव नवे सभासद. मागच्या गल्लीला ब विंग, तीत आम्ही अठ्ठेचाळीस जुने. संस्था एकच. वर्षभरात नव्या कार्यकारिणीने लॉबीत नोटीस लावली: मृतदेह सामानाच्या लिफ्टने तळघरात व तेथून मागील गेटने न्यावेत.

आईने मला अनेकदा बजावले होते, “तुझा बाप ज्या दारानं गेला, त्याच दारानं मला न्या. मागच्या दारानं कचरा जातो.” मी दरवेळी हो म्हटले होते.

१४ मार्च २०२३ रोजी आई वारली आणि मी तिला मागच्या दारानेच नेले. नोटिशीवर सही होती, शिक्का होता. आयुष्यभर सही-शिक्का मानणारा माणूस मी. त्या सकाळीही मानला. कचऱ्याच्या डब्यांशेजारी शववाहिनी उभी होती आणि बहुतेक घरांना आई गेल्याचे दुपारी कळले. नोटिशीखाली ठराव क्रमांक लिहिलेला नाही, हे मला तिसऱ्या दिवशी दिसले. सर्वसाधारण सभेचा ठराव नसेल तर ती नोटीस म्हणजे एक कागद. एवढे तपासल्याशिवाय मी कार्यालयात साधी रजाही मंजूर करीत नाही. ही चूक माझी. ती मी येथे लिहून ठेवतो.

पुनर्विकास कराराचे कलम एकोणीस मीच आग्रहाने घालून घेतले होते: जुने ठराव नव्या इमारतीस लागू राहतील, रद्द करण्यास उपस्थितांची दोन-तृतीयांश मते लागतील. मी लेखी हरकत घेतली. सप्टेंबरात ठराव सात रद्द करण्यासाठी विशेष सभा भरली. अध्यक्ष श्री. उदयसिंह शेखावत, अ विंग, चौदावा मजला.

ते म्हणाले, “अभयजी, समजून घ्या ना. लॉबीत मुलं खेळतात, घाबरतात. फ्लॅट बघायला लोक येतात. इम्प्रेशन काय पडणार?”

मी उत्तर तयार करून नेले होते, चार पाने. ते वाचण्याआधीच ब विंगच्या सुमित्राबाई उठल्या. त्या येथील मूळ गावच्या. आयुष्यभर खाडीची मासळी विकून त्यांनी घर घेतले. “सायेब, तुमी काय अमरपट्टा बांधून फ्लॅट घेतलाव? पोरांना मेलेला मानूस दाखवायचा नाय, मंग त्यांना कलनार कसा, मानूस मरतो म्हनून?”

सभागृह हसले. शेखावतही हसले, मात्र मतदान घ्या म्हणाले.

गुप्त मतदान झाले. उपस्थित एकशे सतरा. रद्द करण्यास अठ्ठ्याहत्तर मते हवी होती, एकसष्ट पडली. विरुद्ध छप्पन्न. त्या दिवशी ब विंगचे सेहेचाळीस हजर होते. म्हणजे किमान दहा मते अ विंगची. ती कोणाची, मला ठाऊक नाही. म्हणून लिफ्टमध्ये मी सर्वांनाच नमस्कार करतो. चार पाने मी परत घरी आणली. ती रद्दीत द्यावीत.

कलम ५. धाकटा भाऊ अंकुश, राहणार दिघा, यास वडिलांचा ओळंबा. आईच्या मरणाच्या सकाळी मी नोटिशीसमोर घुटमळत होतो तेव्हा तो म्हणाला होता, “दादा, कशाला तमाशा? मागनं काढू, पटकन होईल.” मी ऐकले, हा दोष माझा, तो म्हणाला, हा त्याचा. सरळ कशास म्हणतात ते ओळंबा सांगतो. थापी आणि लाकडी रंधा मनस्वीस, कारण तिला हत्यारांची कदर आहे.

कलम ६. सुमित्राबाई संध्याकाळी मुख्य दरवाज्याच्या पायरीवर बसतात व गुडघ्यांना शिव्या देतात. माझी हातांची लाकडी खुर्ची त्यांस. ती त्यांनी दरवाज्यातच ठेवावी. कोणी हटविण्यास सांगितल्यास त्या स्वतःच उत्तर देतील. त्यासाठी वेगळी तरतूद नको.

कलम ७. श्री. उदयसिंह शेखावत यांस मी काहीही ठेवीत नाही. कारण देणे आवश्यक आहे.

जून २०२४ मध्ये एका सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला. “अभयजी, पापाजी गेले.” मग म्हणाले, “तो तुमचा ठराव... आम्हाला पण लागू आहे का?”

मी सांगितले, “ठरावात सभासद व कुटुंबातील व्यक्ती असे शब्द आहेत. विंग लिहिलेली नाही. एक्क्याण्णव साली विंगच नव्हत्या. तुम्ही पापाजींना खाली आणा, मी दरवाजा उघडतो.”

दोन्ही फाटके मी स्वतः उघडली. संघमित्राने ब विंगची बाकी सत्तेचाळीस दारे वाजवली. शेखावतांची घरची चारच माणसे होती. नातेवाईक जोधपूरहून निघायचे होते. सुमित्राबाई सर्वांत आधी आल्या. शेखावतांच्या पत्नीचा हात धरून म्हणाल्या, “अगो बाय, एवरा मोठा टॉवर आन् रडायला चार मानसा? आमी हाव ना.” पाठोपाठ अ विंगही उतरू लागली. मुलेही आली. एकही घाबरले नाही; एकाने विचारले, आजोबांना थंडी वाजेल का. ज्या एकसष्टांनी ठराव रद्द करायला मत दिले, त्यांतील कितीतरी हात त्या तिरडीला लागले असणार. मी घड्याळ पाहत होतो. पंधरा मिनिटे झाली, पण त्या एका दिवशी मी कोणास सांगितले नाही. बावीस मिनिटे झाली.

आईला दिलेला शब्द मी मोडला होता. त्या सकाळी तो, उशिरा का होईना, पुरा झाला असे मी समजतो.

कलम ८. मला सामानाच्या लिफ्टने आणू नये. शुभ्र वस्त्र, त्रिशरण-पंचशील, भाषणे नकोत. मुख्य दरवाज्यात पंधरा मिनिटे थांबावे. पंधरा म्हणजे पंधरा, लोकांना कामावर जायचे असते. डाव्या फाटकाची खालची कडी अडकते, आदल्या दिवशी तेल घालणे शक्य नसल्याने मी दर महिन्यास घालतो. माझ्यानंतर हे काम मनस्वीचे. या दस्ताची अंमलबजावणीही तीच करील.

कलम ७ चे कारण पुरे करतो. मृत्युपत्राच्या साक्षीदारास त्यातून लाभ नसावा असा संकेत आहे, आणि साक्षीदार म्हणून मला दुसरे कोणी नको होते. आज सही करण्यापूर्वी शेखावतांनी कलम ८ दोनदा वाचले व म्हणाले, “अभयजी, पंधरा मिनिटं जमणार नाही. आम्ही जास्त थांबणार.” मी हरकत नोंदविली. ती त्यांनी फेटाळली.

वरील मजकूर वाचून, समजून, खाली सही केली आहे.

अभय पोपट खिल्लारे

आमच्या समक्ष सही झाली:
१. उदयसिंह शेखावत, अ-१४०१
२. हिरामण सिताराम पाटील, ब-१०२

स्थळ: प्रज्ञा संस्थेचा मुख्य दरवाजा, सानपाडा
दिनांक: १४ मार्च २०२५