'धोटा'च्या गेटवर

५ जाने., सोम.
सात रस्ता चौकातल्या नव्या ऑफिसात पहिला दिवस. काचेचं दार, आत एसी, पाटी : धोटा मीडिया प्रा. लि. युनियनच्या खोलीत चटईवर बसून मागावरच्या धोट्याच्या नावानं साप्ताहिक काढायचो, तेव्हा पंखासुद्धा मागून आणलेला. आता दैनिक, यूट्यूब चॅनेल, वर जाहिरात विभाग. मला केबिन! दिनूभाऊ म्हणाला, "सुनंदा, कार्यकारी संपादक झालीस. चप्पल तरी बरी घाल." मेला! स्वतः माझ्यासोबत मिलच्या भिंतींवर पोस्टरं चिकटवत फिरायचा, आता एमडी. बरं वाटलं मात्र, खोटं कशाला बोलू. आईनं जन्मभर विड्या वळल्या. तिला केबिन दाखवायला हवी होती.

९ जाने., शुक्र.
मीटिंग. छपाई पुण्याच्या प्रेसला द्यायची. आपलं मशिन बंद. म्हणजे यल्लप्पा आणि बाकीचे मशिनवाले घरी. नोटीस-बिटीस? दिनूभाऊ : "कॉन्ट्रॅक्टवर आहेत ते. कंपनी झाली तेव्हाच सह्या केल्यात." थेट मिलमालकाचं वाक्य. सगळ्यांनी माना हलवल्या. मी चहा प्यायले.

१५ जाने., गुरु.
गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत रिक्षा मिळेना, चालतच आले. दारात यल्लप्पा आणि त्याची माणसं ठाण मांडून. वॉचमन बिचारा कावराबावरा. मला बघून यल्लप्पा, "काढा की पेन, ताई. 'गेटवरून'ला द्यायचंय."
'गेटवरून' म्हणजे आपलं सगळ्यात जुनं सदर. गेटवर कामगार बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, त्याला वाचून दाखवायचं, छापायचं. कुणाचं परत पाठवलेलं नाही. मालकांनी शिव्या घातल्या, धमक्या दिल्या, तरी नाही.
म्हटलं, अरे, हे आपलंच ऑफिस. तर म्हणतो, "मग? ह्याला गेट न्हाय व्हय?"
पायरीवर बसले, लिहून घेतलं.

१७ जाने., शनि.
दिनूभाऊला दाखवलं. भडकला. "घरातली भांडणं चव्हाट्यावर नेतेस?" म्हटलं, मालकही हेच म्हणायचे रे. "मग चॅनेलच्या पोरांचे पगार चळवळ देणार का? एक जाहिरातदार बिथरला तर?"
तेही खरंच की. पोरं चांगली आहेत, राबतात. पण यल्लप्पा काय कमी राबला? डोकं उठलं.
जाताना म्हणाला, "मंगळवारी 'गेटवरून'चं पान तुझ्या हातून जातं. शहाणी आहेस." विश्वास की दम, कळेना.

२० जाने., मंगळ.
पद्धतीप्रमाणे खाली जाऊन यल्लप्पाला वाचून दाखवलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं. "बराबर हाय. आनि एक लिवा."
काय?
"ह्या ताईबी त्या मीटिंगला व्हत्या. तितं काय बोलल्या, ते त्यांनीच लिवावं."
राग आला. लई आला. वीस वेळा मनात म्हटलं, तुझ्यासाठीच भांडतेय ना मी? पण सदराचा नियम : कामगार बोलेल ते लिहायचं. लिहिलं. परत वाचून दाखवलं. "झ्याक," म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.
केबिनमध्ये बसलेय. दिनूभाऊचे फोन चालू आहेत, उचलत नाही. संध्याकाळच्या आत पान पुण्याला जायला हवं. यल्लप्पाचं सगळं पानात लागलंय. खाली माझी ओळ तेवढी राहिलीय. एवढंच लिहून झालंय :
मी त्या मीटिंगमध्ये