पाण्यातून काढलेला घास

३ ऑक्टोबर
चुसोकची, सुगीच्या सणाची सुट्टी संपली. आईकडे नुसतं खाणं आणि लोळणं! तिखटात मुरवलेल्या कोबीची जुनी किमची मात्र फार आंबली होती, नळाखाली धरून खाल्ली. हानसोलदादा बरा दिसला. क्रोनच्या आजारानं आतडं कापायला लावलं, जिभेची धार मात्र तशीच. "सुल्गे, आमच्या हॉस्पिटलला रक्त दे की. संशोधनासाठी पेशंटांची धडधाकट भावंडं हवीयत त्यांना. डोकं नसलं तरी चालतं!"
देईन म्हटलं.

८ नोव्हेंबर
दादाच्या हॉस्पिटलमधल्या डॉ. प्योंनी माझ्या रक्ताचा रिपोर्ट बघून बोलावलं. "पोटात दुखतं?" नाही. "खाण्यात काही बदल?" छे! मग म्हणाले, पोटातल्या साध्या जंतूंविरुद्धच तुमच्या रक्तानं हत्यारं उपसलीयत. हा आजार नाही. काहींना पुढे क्रोन होतो, काहींना कधीच नाही. लक्ष ठेवू.
लक्ष कशावर ठेवायचं? मी ठणठणीत आहे!
फक्त दादाला सांगितलं. आईला कळता कामा नये — तिला एक आजारी मूल पुरे. "शब्द दे," म्हटलं. दिला त्यानं.

२५ नोव्हेंबर
फितूर! घरभेदी!
आज वर्षाची किमची घातली. सगळ्या मावश्या जमलेल्या, कोपरापर्यंत लाल हात. शेवटी आई कोबीच्या ताज्या, तिखट माखलेल्या पानात उकडलेलं डुकराचं मांस गुंडाळून एकेकाच्या तोंडात घास घालते. दादाचं पान तेवढं वाडग्यातल्या पाण्यात बुडवून, तिखट धुऊन. यंदा तिनं माझंही बुडवलं!
"अगं बाई, हिलाही?" धाकटी मावशी ओरडली. आईनं पुढचं पान उचललं.
अंगणात दादाला गाठलं. "मी नाही सांगितलं गं." खोटारडा! मग कोणी, कोबीनं सांगितलं?

२६ नोव्हेंबर
त्याचा फोन. उचलला नाही.
रक्त उलटलं, रक्ताचा भाऊही उलटला. लहानपणी त्याच्यासाठी किती मार खाल्ला मी!

३० नोव्हेंबर
आईलाच विचारलं. "दादा काय बोलला तुला?"
"तो कशाला बोलेल? चुसोकला बघितलं ना मी. नळाखाली धुऊन खात होतीस."
"आंबली होती, आई."
"नव्हती गं. बाकी सगळ्यांनी तशीच खाल्ली." मग हळूच म्हणाली, "हानसोलचं पोट दुखायला लागायच्या आधी तोही असाच धुऊन खायचा. तेव्हा मी हसले होते त्याला."